पट्टी वाढवा, चाल सोडू नका

१ नोव्हेंबर २०२०, रविवार. अ‍ॅमस्टेलव्हीन.

नवी वही. जुनी एप्रिलमध्ये पहिल्या लॉकडाऊनमध्ये सुरू केली होती, नऊ पानं झाली. या वेळी रोज लिहिणार. घरी बसलेल्या माणसाने वेळेचं सोनं करावं. माझं ऑफिस झुइडासला, पण मार्चपासून ऑफिस म्हणजे डायनिंग टेबलचा खिडकीकडचा कोपरा.

संकल्प तीन. (१) डच पूर्ण करणे. 'या' म्हणजे हो आणि 'नेय' म्हणजे नाही हे पक्कं झालं आहे, उरलेलं जानेवारीपर्यंत. (२) वजन. (३) वल्लरीशी रोज मनमोकळं बोलणे. लेक चौदाची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र एका अक्षरात, तेही डचमध्ये.

आजच सुरुवात केली. तिला विचारलं, शाळा मस्त चालली असणार. म्हणाली, या. विचारलं, मैत्रिणी वगैरे सगळं छानच असेल. म्हणाली, या. संवाद झाला.

भिंतीपलीकडे शेजारचे मोरीसान दुपारभर एकच वाक्य म्हणत होते. मी चाळीसपर्यंत मोजलं.

३ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी १.१०

उलगडा झाला. बाल्कनीत भेटले. आमच्या दोन बाल्कन्यांमध्ये फक्त एक दुधी काच आहे, वाकलं की माणूस दिसतो. मोरीसान अडुसष्ट वर्षांचे, जपानी कंपनीतून रिटायर झाले आणि इथेच राहिले, एकटे. मुलगी चीनमध्ये चेंगदूला दिली आहे. नात पाच वर्षांची, लाडाचं नाव तांगतांग. तिला चिनीच येतं. दर शनिवारी एक वाजता व्हिडिओ कॉल. विमानं बंद, सीमा बंद. पुन्हा कधी भेटणार, ठाऊक नाही.

त्यांना नातीला एकच प्रश्न विचारायचा आहे : नी लाय वो ज्या? म्हणजे, तू माझ्या घरी येतेस? पण तांगतांगला तो प्रश्न आहे हेच कळत नाही. ती स्क्रीनकडे बघते आणि खेळायला निघून जाते. मग मुलगी भाषांतर करते, आणि मोरीसान म्हणाले की भाषांतर केलेलं आमंत्रण हे आमंत्रण नव्हे. फेब्रुवारीत चिनी नववर्ष आहे. त्याच्या आदल्या दिवशी सगळं घर जेवायला एकत्र बसतं, तेव्हा त्यांना स्वतः विचारायचं आहे आणि तिच्या तोंडून उत्तर ऐकायचं आहे.

अडचण अशी. चिनीत प्रत्येक अक्षराला आपापला सूर ठरलेला. जपानी माणसाला सवय अशी की प्रश्न विचारायचा म्हणजे शेवटचं अक्षर वर उचलायचं. उचललं की त्या अक्षराचा सूर मोडतो आणि घराचं भलतंच काहीतरी होतं. न उचलावं तर प्रश्न वाटत नाही. ऑनलाइन शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्यापुढे हात टेकले म्हणे.

मला फार वाईट वाटलं. मग लगेच लक्षात आलं की यांना शेजारी कोण मिळालंय.

४ नोव्हेंबर, बुधवार.

ठरलं. मी मोरीसानांना शिकवणार. मला चिनी येत नाही हा फायदाच आहे, पूर्वग्रह नाही. प्रश्न सुराचा आहे, आणि मी शाळेत असताना गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेत, त्यातली एक पास.

सुचित्राला सांगितलं. म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं तिने मनात म्हटलं. बायकोचा पाठिंबा असला की माणूस काहीही करू शकतो.

एक्सेल उघडली. कॉलम : विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरं, सक्सेस रेट. टार्गेट शंभर टक्के, डेडलाइन ११ फेब्रुवारी.

५ नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचं जेवण.

जेवताना मोरीसानांचा प्रॉब्लेम समजावून सांगितला. वल्लरी चक्क बोलायला लागली. संपूर्ण वाक्यच थोडं वर न्यायचं, शेवट आपल्या जागी ठेवायचा, असं काहीतरी. नेमका तेव्हाच ऑफिसातून सॉफ्टवेअरचं रिलीज फेल झाल्याचा फोन आला. मुलीने माझ्या कामात रस घेतला, हे महत्त्वाचं.

६ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ६.४०

युरेका! अंघोळ करताना सुचलं. संपूर्ण वाक्यच थोडं वर न्यायचं, शेवट आपल्या जागी ठेवायचा! आपण काळी एकमधलं गाणं काळी दोनमध्ये म्हणतो, चाल तीच राहते. पट्टी वाढवा, चाल सोडू नका. इतकी साधी गोष्ट कोणालाच कशी सुचली नाही, याचं आश्चर्य वाटतं. वल्लरीला सांगितली. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मुलं बापाचं कौतुक तोंडाने करत नाहीत.

८ नोव्हेंबर, रविवार.

पहिला वर्ग. दुपारी साडेबारा, बाल्कनी टू बाल्कनी, सुरक्षित अंतर आपोआप. फोनवर तानपुरा लावला. मोरीसानांना षड्ज लावायला सांगितला. मी समजावत असताना ते प्रत्येक वाक्याला मान झुकवून हाई, हाई म्हणत होते. जपानीत हाई म्हणजे हो. पस्तीस मिनिटांत एकशे बारा हाई. माझ्या टीमने मला वर्षभरात इतके होकार दिलेले नाहीत.

१४ नोव्हेंबर, शनिवार. लक्ष्मीपूजन.

वर्ग रोज चालू, लंच ब्रेकमध्ये. सुचित्राने मोरीसानांना स्टीलच्या डब्यातून फराळ पाठवला. वल्लरी देऊन आली.

आजच्या कॉलचा रिपोर्ट : तांगतांगने प्रश्न ऐकला आणि आजोबांच्या मागोमाग तोच सूर धरून गायला लागली. तिला वाटलं, आजोबा देवळात आहेत. मोरीसान जरा खचलेले दिसले. मी म्हणालो की निदान नात पळून गेली नाही. एक्सेलमध्ये 'अंशतः यश' असा नवा कॉलम टाकला.

१७ नोव्हेंबर, मंगळवार.

डबा परत आला, तांदळाच्या खमंग बिस्किटांनी काठोकाठ भरलेला. सोबत कार्ड. इंग्रजीत लिहिलं होतं की आजवर आपण दिलेल्या अमूल्य वेळेबद्दल ऋणी आहे, आपल्यासारख्या व्यस्त माणसाला यापुढे त्रास देणं मनाला पटत नाही. केवढी ही नम्रता! मी काचेवरून वाकून सांगितलं की त्रास कसला, उद्या साडेबारा.

सुचित्राने डबा घासला आणि बेसनाचे लाडू भरले. दुसऱ्याचा हात लागून आलेला डबा रिकामा ठेवायचा नाही, असं तिच्या माहेरी आहे. मी म्हटलं, अगं डबा आपलाच आहे. तर म्हणाली, मग काय झालं.

१८ नोव्हेंबर, बुधवार.

मोरीसान साडेबाराच्या ठोक्याला बाल्कनीत हजर. अंगात ओव्हरकोट. लाडवाबद्दल सात वेळा आभार मानले, मग स्वतःहून षड्ज लावला. शिष्य असावा तर असा.

२९ नोव्हेंबर, रविवार.

डबा आला, गोड बीन्सच्या वड्या. डबा गेला, शंकरपाळे. वर्ग चालू.

६ डिसेंबर, रविवार.

डबा आला, हिरव्या चहाचा केक. कार्डावर पुन्हा तेच, आपला अमूल्य वेळ वगैरे. डबा गेला, नारळाच्या वड्या. वर्ग चालू.

वजन : लिहिण्यासारखं नाही. संकल्प क्रमांक दोन जपानच्या हवाली केला.

१४ डिसेंबर, सोमवार.

संध्याकाळी टीव्हीवर पंतप्रधानांचं भाषण. उद्यापासून कडक लॉकडाऊन. दुकानं बंद, परवापासून शाळाही बंद. भाषण डचमध्ये होतं, मला मथितार्थ कळला. नंतर वल्लरीने सुचित्राला मराठीत सगळं नीट सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो म्हणून मलाही कळलं.

वल्लरी आता दिवसभर घरी. बापलेकीच्या नात्याला सुवर्णसंधी.

१६ डिसेंबर, बुधवार.

वल्लरीला विचारलं, ऑनलाइन शाळा म्हणजे मजाच मजा. म्हणाली, म्. विचारलं, कंटाळा येत नसेल ना, येतच नसणार. म्हणाली, म्. विचारलं, पनीर आवडतंच तुला. म्हणाली, नेय.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आवडायचं. सुचित्रा म्हणाली, पाच वर्षांपूर्वीपर्यंत.

२० डिसेंबर, रविवार.

एक निरीक्षण. मोरीसानांचं दार आमच्या दारापासून चार पावलांवर आहे. डबा पोचवायला वल्लरीला आज पंचेचाळीस मिनिटं लागली. गेल्या खेपेला चाळीस. विचारलं, जपानी लोकांचे नमस्कार-चमत्कार फार लांबतात. म्हणाली, या. मला वाटलंच होतं.

३१ डिसेंबर, गुरुवार.

वर्षाचा आढावा. मोरीसानांनी शनिवारचे सात प्रयत्न केले. उत्तरं शून्य. एकदा तांगतांगने विचारलं म्हणे की आजोबांचं पोट दुखतंय का. तिने स्वतःहून प्रश्न विचारला ही प्रगती मानावी, असं मी सुचवलं. मोरीसान हाई म्हणाले आणि बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिले.

मनाला लागलं. माणूस एकटा. आज जगभर लोक नातवंडांना मांडीवर घेऊन बसले असतील, हा गृहस्थ चार शब्दांशी झुंजतोय. नव्या वर्षात तासाची वेळ वाढवणार.

८ जानेवारी २०२१, शुक्रवार.

तापमान एक. मोरीसानांचा सूर आज लागला होता. मी डोळे मिटून, मान डोलावून दाद देत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं की आज इथे थांबू या का. माझी मान डुलतच होती. त्यावर त्यांनी आणखी पंचवीस मिनिटं रियाज केला. ओठ निळे झाले. याला म्हणतात लगन.

२० जानेवारी, बुधवार.

नवा नियम. आजपासून घरात दिवसाला एकच पाहुणा. मी तत्काळ हिशेब केला : ११ फेब्रुवारीला मोरीसानांकडचा एक पाहुणा म्हणजे मी. गुरूने त्या क्षणी हजर असायलाच हवं. वाकून सांगितलं. मोरीसानांनी दातांतून बराच वेळ हवा आत ओढली आणि म्हणाले की ते किंचित अवघड आहे. अवघड आहेच, म्हणून तर मी हवा. मी म्हटलं, काळजी नसावी.

सुचित्राला भाषणाचा मसुदा वाचून दाखवला. कॉलच्या शेवटी चेंगदूच्या मंडळींसाठी चार शब्द, इंग्रजीत, सहा मिनिटं. ती म्हणाली, जपानी माणूस किंचित अवघड म्हणाला की समजून घ्यायचं असतं. मी विचारलं, तुला जपानी लोकांबद्दल काय माहीत. ती म्हणाली, मला फारसं नाही, पण वल्लरी सांगते. वल्लरीला शाळेत एक एशियन भाषा आहे. जपानीच असणार.

३० जानेवारी, शनिवार.

डबा आला, डबा गेला. तिळाच्या वड्या. वल्लरी दीड तास तिकडे.

७ फेब्रुवारी, रविवार.

बर्फ! रात्रीपासून वादळ, ट्रेन बंद, बसही बंद. बाल्कनीत गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फ साचलेला. मी हातमोजे घालून साडेबाराला हजर. मोरीसान आले नाहीत. दारातून हात जोडून घसा दाखवला. डेडलाइनला चार दिवस आणि घोडं घशात अडलं.

पण तीन वाजता भिंतीतून वाक्य ऐकू आलं. नी लाय वो ज्या. वेगळंच वाटत होतं, हलकं. शेवट न उचलता वाक्य आपणहून विचारत होतं. मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, उगीच खोटं कशाला लिहू. तीन महिन्यांची मेहनत फळाला आली होती.

वल्लरीला सांगायला गेलो, तर ती बर्फात खेळायला गेली होती. सुचित्रा तसं म्हणाली.

१० फेब्रुवारी, बुधवार.

भाषण पाठ. झब्बा इस्त्री. तळी गोठली आहेत, सगळा गाव स्केटिंगला. वल्लरीही उद्या जाते म्हणाली. विचारलं, बाबाचा मोठा दिवस चुकणार तुझा. म्हणाली, या.

११ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२.३०

झब्बा घातला. ऑफिसला सांगितलं, दोन तास नाही, फॅमिली मॅटर.

१२.५५. निघतो. चार पावलं.

१२.५८. परत आलो.

२.४०. नीट लिहितो. मी बेल वाजवली. मोरीसानांनी दार वीतभर उघडलं. अंगावर सूट, टाय. खूप खाली वाकले. म्हणाले की मनापासून माफी मागतो, एकाच पाहुण्याची परवानगी आहे, आणि एक पाहुणा आलेला आहे. मी म्हणालो, असं कसं, पाहुणा तर मी आहे. ते आणखी वाकले. ते वाकले म्हणून मला त्यांच्या पाठीवरून आतला चपलांचा कट्टा दिसला. तिथे पिवळे बूट होते. सदतीस नंबर. गेल्या ऑक्टोबरमध्ये मीच घेऊन दिलेले. आत आमचा स्टीलचा डबाही उघडा होता.

घरी येऊन मी भिंतीशी उभा राहिलो. सुचित्रा स्वयंपाकघरातून आली आणि शेजारी उभी राहिली.

एक वाजता कॉलची घंटी. तिकडून भांड्यांचा, माणसांचा गलका. मग मोरीसानांनी विचारलं. एकदाच. तो प्रश्न होता. मला चिनी येत नाही, पण पलीकडे कोणीतरी उत्तराची वाट बघतंय हे मलाही कळलं. मग काहीच नाही. सुचित्राने माझं मनगट धरलं. आणि मग एक बारीक आवाज, न थांबता, भराभरा, लांबच लांब. मोरीसान मोठ्याने हसले. तीन महिन्यांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. त्यांच्याबरोबर आणखी कोणीतरी हसलं. ते हसू मी ओळखलं, पण फार दिवसांनी ऐकल्यामुळे जरा वेळ लागला.

सहा मिनिटांचं भाषण झब्ब्याच्या खिशात आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार.

काल त्यापुढे काही लिहायची इच्छा राहिली नाही. आज सगळं कळलं. सुचित्राने सांगितलं, बऱ्यापैकी सौम्यपणे.

वल्लरीला शाळेत चिनी आहे. जपानी नाही. तिसरं वर्ष. फॉर्मवर सही माझी आहे, सुचित्राने काढून दाखवला. पाच नोव्हेंबरला जेवताना वल्लरीने जे सांगितलं ते तिच्या शाळेतल्या बाईंनी शिकवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तेच तिला माझं म्हणून सांगितलं. मी वल्लरीला विचारलं, मग तू बोलली का नाहीस. ती मराठीत म्हणाली, सलग दोन वाक्यं : बाबा, मी बोलले होते. तू ऐकलं नाहीस.

मोरीसानांना वर्ग पहिल्याच आठवड्यात बंद करायचा होता. पण सुचित्रा भरलेला डबा पाठवायची, त्यांच्या रीतीने भेटीची परतभेट द्यावीच लागते, आणि लाडू खाऊन वर वर्गाला दांडी मारणं त्यांना शोभेना. तीन महिने थंडीत ते डब्याची परतफेड म्हणून उभे होते. डबा घेऊन जाता जाता वल्लरीने त्यांना शिकवलं. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी शेड्यूल केलं असतं.

तांगतांगने काय उत्तर दिलं, तेही कळलं. येईन म्हणाली. पण घराजवळ घसरगुंडी आहे का, किती उंच आहे, आणि तिकडच्या आजीला आणलं तर चालेल का.

आणखी एक. मोरीसानांनी वल्लरीला विचारलं होतं की तुझे वडील प्रश्नानंतर थांबत का नाहीत, भारतात तशी रीत आहे का. तिने काय सांगितलं, मी विचारलं नाही.

संध्याकाळी डबा परत आला. रिकामा. घासून पुसून, कार्ड नाही, बिस्किटं नाहीत. वल्लरीनेच त्यांना सांगितलं होतं की आमच्या घरी रिकामा डबा चालेल. सुचित्राने तो हातात घेऊन जरा वेळ बघितला आणि म्हणाली, चालवून घेऊ. फळीवर ठेवून दिला.

साडेबाराला मी सवयीने बाल्कनीत गेलो होतो. कोणी नव्हतं.

१४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

आता मोरीसान दुसरं वाक्य शिकत आहेत. घसरगुंडी आहे, असं. वल्लरी निघाली. पिवळे बूट घालत होती. मी पॅसेजमध्ये उभा होतो. मनात तीन-चार गोष्टी आल्या : मीही येणारच आहे म्हणा. बाबाला तिकडे सगळे ओळखतात. तुला सोबत लागेलच. एकही बोललो नाही.

विचारलं, मी येऊ का?

आणि थांबलो. फार अवघड जातं. तोंड आपोआप उघडतं, मी ते हाताने झाकलं. एक, दोन, तीन. तिने दुसरा बूट घातला. चार, पाच. नाडी बांधली. सहा. मग वर बघितलं, माझ्याकडे, नीट.

म्हणाली, नेय बाबा. एकच पाहुणा चालतो.

आणि गेली. चार पावलं. बेल वाजली, दार उघडल्याचा आवाज आला, मोरीसानांचं हाई ऐकू आलं.

एक्सेलमध्ये नवी शीट उघडली. विचारलेले प्रश्न : १. मिळालेली उत्तरं : १. सक्सेस रेट : शंभर टक्के.